घरी सांगितलं, पॉइंटवर हरले

मी हेवीवेट आहे. एक्क्याऐंशी किलोच्या वरचा गट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी मनात नाजूक मुलगी उभी करायला नको. नारायणगावात आमचं दुकान आहे, टोमॅटो बांधायची सुतळी, मल्चिंग पेपर, द्राक्षबागेचं सामान असलं सगळं. आम्ही मारवाडी जैन, पणजोबा राजस्थानातून इकडं आले ते इथलेच झाले. सुतळीची बंडलं उचलत मी वाढले. गिऱ्हाईकं पप्पांना म्हणायची, "शेठ, पोरगी हाय का हमाल?" पप्पा हसायचे आणि मला रडू यायचं. सतरा वर्षांची झाले तेव्हा रडायचा कंटाळा आला आणि मी शिनोलीला दत्ता सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकायला जायला लागले.

पुढं माझ्या डोक्यात रक्त साकळलं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढावं लागलं. आता मी बरी आहे, शेडमध्ये रोज बॅगेला झोडपते. मागच्या महिन्यात घोडेगावहून एका बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी कबड्डी खेळताना डोक्यावर पडली होती. "ताई, तीन आठवडं झालं. आता लई झोपती ओ. वयात आल्यावर झोपत्यात का पोरी अशा?" मी म्हटलं, मावशी, फोन ठेवा आणि आधी दवाखान्यात न्या. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. डॉक्टरी पुस्तकातलं मला काही येत नाही. मला काय झालं आणि मी काय मूर्खपणा केला, तेवढं येतं.

तो ठोसा

राज्य स्पर्धेची फायनल होती. जिंकणारी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. तिथून पुढं खेळाडू कोट्यातून पोलीस भरती वगैरे गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. मी सव्वीस वर्षांची. हे वर्ष गेलं तर गेलं, असं मी मनाशी धरलेलं. पहिले दोन राउंड माझे होते, त्याबद्दल आजही कुणी वाद घालून दाखवावा. तिसऱ्यात मला वाटलं, जिंकलो आता. उजवा हात खाली आला. दत्ता सर नऊ वर्षं ओरडतायत, पोरी उजवा वर, उजवा वर. त्या पोरीचा डावा हूक माझ्या कानशिलावर बसला.

पुढचं मला आठवतं ते थेट छताला लावलेल्या ट्यूबलाइट. मी त्या मोजत होते म्हणे, मोठ्यानं. रेफ्री माझ्या तोंडापुढं बोटं नाचवत होता आणि मी त्याला सांगत होते, एक ट्यूब गेली आहे, बदला.

स्कॅन काढला, तो नीट आला. डॉक्टरांनी माझ्या खेळाडूच्या पुस्तकात 'तीन महिने रिंग बंद' असं लिहिलं आणि एक छापील कागद दिला. डोकं दुखत राहिलं, उलटी झाली, जास्त झोप यायला लागली, हातपाय जड वाटले, तर ताबडतोब दवाखान्यात या. मराठीत होतं, मोठ्या अक्षरात होतं. मी तो घडी घालून पुस्तकात ठेवला आणि पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली.

त्याचं कारण मम्मी. तिनं बॉक्सिंगला परवानगी दिली तेव्हा एक अट घातली होती, डोक्याला लागलं की त्या दिवशी बंद. नऊ वर्षं ती दर स्पर्धेनंतर आधी माझं डोकं चाचपायची आणि मग निकाल विचारायची. नॉकआऊट म्हणून सांगितलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. मी दत्ता सरांना शपथ घातली, घरी सांगायचं नाही. सर तयार नव्हते. म्हणाले, "आई हाय ती तुझी. तिच्यापासून कशाला लपवायचं?" मी म्हटलं, सर, तीन महिन्यांनी मीच सांगते. घरी गेले आणि सांगितलं, पॉइंटवर हरले.

मम्मीनं डोकं चाचपलं. उजव्या बाजूला दाबल्यावर दुखलं, पण मी तोंड हलवलं नाही. तेवढं आम्हाला शिकवलेलं असतं.

अठ्ठाई

चार आठवडे काहीच त्रास नव्हता. मग पर्युषण आलं. आमच्याकडं या आठ दिवसांत ज्याला झेपेल तसा उपवास करतात. कुणी एक दिवस, कुणी तीन. आठही दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी, याला अठ्ठाई म्हणतात. मी कधी एक उपवाससुद्धा धड केला नव्हता. कायम काही ना काही स्पर्धा, कायम वजन. मम्मी दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी नाही म्हणायचे.

त्या वर्षी तिनं विचारलं, "आता तर मोकळीच आहेस. एक करशील का?"

मी म्हटलं, "एक कशाला, आठ करते."

यात भक्ती किती होती ते मला माहीत आहे. काडीचीही नव्हती. मी हरले होते आणि मला कशात तरी जिंकायचं होतं. आठ दिवस उपाशी राहून दाखवायचं, बस. मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पोरगी सुधारली. स्थानकात, म्हणजे आमच्या साध्वी उतरतात त्या जागी, महासतीजींनी मला पचखाण, म्हणजे उपवासाचा नियम देताना नीट विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना, यात जबरदस्ती नसते, झेपलं नाही तर सोडायचं. मी म्हटलं, एकदम बरी. आता साध्वींसमोरही खोटं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. सगळ्या बायका म्हणाल्या, दुखणारच, पित्त चढतं. तिसऱ्या दिवशी उलटी झाली. म्हणाल्या, पित्त पडलं, आता मोकळं वाटेल. चौथ्या दिवशी मी सकाळी स्थानकात बसल्या बसल्या झोपले ते दुपारी हलवून उठवावं लागलं. म्हणाल्या, तपस्वी आहे, शक्ती राखतेय बघा. येणारी जाणारी प्रत्येक बाई माझ्यापुढं हात जोडून विचारत होती, "सुखसाता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, आणि मी मान हलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या समाजातल्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. ते मला आवडत होतं. खोटं कशाला बोलू, लई आवडत होतं.

मोबाइलचा उजेड डोळ्यांना खुपायचा म्हणून मी फोन बंद करून ठेवला. मम्मीला उपवास माहीत होता, ठोसा माहीत नव्हता. दत्ता सरांना ठोसा माहीत होता, उपवास माहीत नव्हता. दोन्ही माहीत असलेली मी एकटी, आणि माझ्याच डोक्यात रक्त झिरपत होतं. त्या छापील कागदावरची प्रत्येक गोष्ट मला होत होती. एकदा तो कागद आठवलासुद्धा. मग वाटलं, उपवासानंच होतंय हे, आणखी तीन दिवस तर राहिलेत, आता कशाला सोडायचं.

सांजी

सातव्या दिवशी आमच्या घरी सांजी होती. तपस्वीला मधे बसवतात, बायका गाणी म्हणतात, हाताला मेहंदी लावतात. मेहंदी लावणारी मुलगी सारखी म्हणत होती, "ताई, डावा हात उघडा ठेवा ना." मी उघडा ठेवत होते. तो आपोआप मिटत होता. तिनं शेवटी बोटांना खालून उशी लावली.

दुपारी तीनच्या सुमाराला दारात दत्ता सर उभे. शिनोलीहून मोटारसायकलवर आले होते, पाच दिवस माझा फोन लागत नव्हता म्हणून. दारात वीस-पंचवीस चपला, आत गाणी, माझ्या हाताला मेहंदी. सर हसले आणि म्हणाले, "आयला, लग्न ठरलं व्हय? सांगितलं न्हाई ते."

मी उठून त्यांच्याकडं जायला लागले. डावा पाय जाजमात अडकला, असं मला वाटलं. तो अडकला नव्हता, उचललाच गेला नव्हता. मी एका मावशीच्या अंगावर आडवी झाले. चौऱ्याऐंशी किलो, म्हणजे त्या मावशीचा विचार करा. सगळ्या एकदम म्हणाल्या, अशक्तपणा, अशक्तपणा, सातवा दिवस आहे.

सर आत आले. "सातवा कसला?"

मम्मी म्हणाली, "अठ्ठाई आहे तिची, सर. सात दिवस पाण्यावर आहे."

"डोकं दुखतंय का तिचं?"

"पित्त आहे."

"उलटी?"

"पित्ताचीच."

"झोपती किती?"

उत्तराची वाट न बघता सर माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांची दोन दोन बोटं पुढं केली. "दाब." उजव्यानं मी कचकून दाबली. "आता डाव्यानं दाब."

"दाबतेय सर."

"दाब की पोरी."

"दाबतेय."

सर उठले. इतक्या बायकांसमोर ते कधी बोलले नसतील, पण त्या दिवशी बोलले. "वहिनी, ही पॉइंटवर हरल्याली न्हाई. नॉकआऊट झाल्ती. पाच आठवडं झालं. माझंबी चुकलं, मी सांगाया पायजे व्हतं. आता गाडी काढा."

गाणी थांबली होती. मम्मीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि पप्पांना दुकानातून बोलवायला सांगितलं. पुण्याला पोचेपर्यंत माझा डावा हात तिनं मांडीवर घेऊन ठेवला होता, मेहंदी साडीला लागत होती तरी.

शेवटचं कधी खाल्लं

नारायणगावात स्कॅन झाला. फिल्म उजेडावर धरून डॉक्टर पप्पांना इंग्रजी शब्द सांगत होते, पप्पा मान हलवत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. मला कळलं. मेंदू एका बाजूला सरकला होता, तो दिसत होता. तिथून रुग्णवाहिका. चाकणला नेहमीसारखं तुंबलेलं, सायरन वाजतोय आणि पुढचा ट्रक हलत नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

मम्मी म्हणाली, "मागच्या बुधवारी."

त्या बाईंनी पेन थांबवलं आणि पुन्हा विचारलं. मम्मीनं पुन्हा तेच सांगितलं. ऑपरेशनच्या आधी पेशंट उपाशी लागतो हे खरं, पण एवढा उपाशी पेशंट त्यांना पहिल्यांदाच मिळाला असावा. लगेच सलाईन लावायचं ठरलं. बरोबर आलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "सूर्य मावळला. आता सलाईननं उपवास मोडेल का गं? एकच दिवस तर राहिला होता." मम्मी त्यांच्याकडं वळून म्हणाली, "मोडला तर मोडला. पाप माझ्या माथी. तुम्ही लावा हो सिस्टर." माझी मम्मी मांजर आडवी गेली तर पाच मिनिटं थांबणारी बाई आहे, हे इथं सांगायला पाहिजे.

केस काढायला आले. म्हणाले, एका बाजूचेच काढतो. मी म्हटलं, सगळे काढा, अर्धवट काम मला आवडत नाही. जीभ जड झाली होती, पण एवढं नीट म्हणता आलं.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. वाटली. पण मरायची भीती कमी आणि डाव्या हाताची जास्त. डावा म्हणजे माझा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. नऊ वर्षांत मी जे काही जिंकले ते डाव्या हातावर. तो परत आला नाही तर मी जिवंत राहून करू काय, असा विचार मी तेव्हा केला. आज तो विचार मूर्खपणाचा वाटतो, पण केला होता.

नाव, गाव, वार

शुद्धीवर आल्यावर दर तासाला तेच. नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता, दोन्ही हात वर करा, माझं बोट दाबा. वार माझा सारखा चुकायचा, कारण मी अजून उपवासाचे दिवस मोजत होते. डोक्यातून नळी आणि नळीच्या टोकाला पिशवी. त्यात काळपट, काकवीसारखं रक्त उतरत होतं. ते मी बघत बसायचे. पिशवी जशी भरली तशी डावी बोटं सुटायला लागली. दुसऱ्या दिवशी करंगळी हलली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की तीन बेडवरचे लोक उठले. तिसऱ्या दिवशी मी सिस्टरचं बोट दाबलं आणि ती म्हणाली, "आई गं, सोडा." तेवढं सुख मला मेडल मिळाल्यावरही झालं नव्हतं.

त्याच सिस्टरनं मेहंदी बघून विचारलं होतं, "लग्न कधी झालं?" मी म्हटलं, लग्न नाही, उपवास. तिनं फायलीत काहीतरी लिहिलं. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच लिहिलं असणार.

वॉर्डात कामाला एक मावशी होत्या, शिनोलीच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. मी शिनोलीला शिकते म्हटल्यावर त्यांनी मला माहेरचीच करून टाकलं. रोज कोमट पाण्यानं अंग पुसताना सांगायच्या, "बायली, काय दंड हायेत तुझं. भात लावणीला न्यायला पायजे तुला." सगळे माझ्या डोक्याकडं बघून हळहळत होते तेव्हा ती बाई माझे दंड बघत होती. त्यांचं मी कधी विसरणार नाही.

पहिलं अन्न म्हणजे मुगाचं पाणी. मम्मी चमच्यानं भरवत होती. चौथ्या-पाचव्या चमच्याला तिचा हात थांबला. म्हणाली, "मीच बसवलं तुला उपवासाला. सात दिवस माझ्या डोळ्यांपुढं तुला होत होतं आणि मी लोकांना कौतुकानं सांगत होते."

मी म्हटलं, "तू एकच म्हणाली होतीस. आठ मी म्हणाले."

"खोटं का बोललीस?"

"तू बंद केलं असतंस."

"केलंच असतं," ती म्हणाली. "तुझा जीव गेला असता ना पूनम."

मग आम्ही दोघी रडलो. नंतर भांडलो. ती म्हणाली आता संपलं ते बॉक्सिंग, मी म्हटलं काहीही संपलेलं नाही, आणि सिस्टरनं तिला बाहेर पाठवलं कारण माझं बीपी वाढलं होतं.

लोक

घरी आल्यावर लोकांची रांग लागली. आत्या म्हणाल्या, "टक्कल काय केलंस, दीक्षा घेतलीस काय?" ते मला आवडलं, मी हसले. काका जुन्नरहून आले आणि म्हणाले, "जीवाला मारलं की या ना त्या रूपानं भोगावं लागतं. कर्म आहे हे." काकांचं जुन्नरच्या पेठेत कीटकनाशकांचं दुकान आहे. मी विचारलं, "काका, रोज किती जीव मारायचं औषध विकता तुम्ही? तुमचं डोकं दुखत नाही ते?" काका चहा न घेता गेले. पप्पा माझ्यावर आठ दिवस चिडून होते.

पप्पांचं वेगळंच चाललं होतं. ते दुकानात सगळ्यांना सांगायचे, उपवासानं चक्कर आली, पडली, डोक्याला लागलं. माझ्या लग्नासाठी ते चाललं होतं, मला समजत होतं. पण मी गल्ल्यावर बसायला लागले त्या पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय झालतं वो ताई?" मी म्हटलं, नॉकआऊट झाले, पाच आठवडे लपवलं, मग ऑपरेशन. पप्पांनी सुतळीचं बंडल जोरात आपटलं. गिऱ्हाईक म्हणालं, "आता बास करा राव ती मारामारी." मी म्हटलं, मारामारी नाही हो, बॉक्सिंग. किती बंडलं देऊ?

संध्याकाळी पप्पांना सांगितलं, तुम्हाला लाज वाटते ती ठोशाची. मला लाज वाटते ती लपवल्याची. त्यामुळं लपवायचं तेवढं सोडून बाकी काहीही करायला सांगा. दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं की पप्पा म्हणायचे, तिलाच विचारा.

जिनं मला पाडलं तिचाही फोन आला. रडत होती. मी तिला म्हटलं, तुझा ठोसा नियमात होता आणि लई भारी होता. हात माझा खाली आला. तू रडू नकोस, राष्ट्रीयला चांगली खेळ. फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं उशी बडवली. मत्सर वाटला होता मला.

एक माणूस मुंबईहून

आठ महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. केस कानापर्यंत आले होते, डावा हात पहिल्यासारखा चालत होता. मी शेडमध्ये जाऊन दत्ता सरांना म्हटलं, ग्लोव्ज द्या. सरांनी दोरीउड्या दिल्या, मग बॅग दिली, मग स्वतः पॅड धरून माझे ठोसे झेलले. पण समोर कुणाला उभं करायला तयार होईनात. "मी मरस्तोवर तुझ्यापुढं पॅड धरीन. तुझ्या डोक्यावर कुणाला हात टाकू द्यायचा न्हाई." मी म्हटलं, तुम्ही कोण ठरवणारे? सर म्हणाले, "मीच. एकदा न्हाई ठरवलं त्यानं काय झालं ते बघितलं मी." महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पॅड मारायचे आणि निघून यायचे.

त्याच महिन्यात मुंबईहून एका माणसाचा फोन आला. तिकीट लावून बॉक्सिंगचे शो करायचा. हेवीवेट बायका मिळत नाहीत म्हणाला, चांगली लढत देतो. ऑपरेशनचं सांगितलं तर म्हणाला, ते तेवढं लिहू नका, मेडिकल आमचं आम्ही बघतो. मी हो म्हटलं. दोन दिवस माझ्या पायाला पंख फुटले होते. मग त्यानं मोबाइलवर फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, डोक्याची शस्त्रक्रिया झाली आहे का. 'नाही' वर बोट ठेवायचं होतं.

मी दुकानात मल्चिंगच्या रोलवर बसले होते. मम्मी समोर गिऱ्हाइकाला सुतळी मोजून देत होती. मला दिसायला लागलं की हे बोट ठेवलं की तिला काय सांगायचं ते ठरवावं लागेल, सरांना काय सांगायचं ते ठरवावं लागेल, कुणाला किती माहीत आहे ते लक्षात ठेवावं लागेल. ते सगळं मी एकदा केलं होतं. मी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मी शहाणी झाले असं समजू नका. त्या दिवशी लढायची इच्छा तशीच होती, आजही आहे. फक्त त्या रस्त्यानं नाही.

हे वाचणाऱ्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगते. डोक्याला मार लागला की घरातल्या प्रत्येकाला सांगा, ज्याला सांगायची भीती वाटते त्याला सगळ्यांत आधी. स्कॅन नीट आला म्हणून पुढचे महिने विसरू नका. डोकं दुखतंय, झोप येतेय, तर त्याला पित्त, उपवास, परीक्षा, पाळी असलं काही नाव देत बसू नका. आणि एखाद्या आईनं 'लागलं की बंद' अशी अट घातली असेल तर त्या आईलाही माझं सांगणं आहे, ती अट काढून टाका. माझ्या मम्मीनंही हे वाचलंय, तिची हरकत नाही.

फॉर्म

सरळ रस्ता म्हणजे संघटनेची डॉक्टरांची समिती. सगळे स्कॅन, सगळे कागद पिशवीत भरले. मम्मी म्हणाली, मी येते. मला वाटलं, ती खेळू देऊ नका म्हणून सांगायलाच येतेय. मी म्हटलं, ये. लपवायचं नाही म्हटल्यावर नाही कशाला म्हणू.

डॉक्टर वयस्कर होते, चांगले होते. सगळ्या फिल्म बघितल्या. मला एका पायावर उभं केलं, बोटं दाबायला सांगितली. म्हणाले, "तुम्ही उत्तम बऱ्या झालात. पण मेंदूभोवती एकदा असा रक्तस्राव होऊन ऑपरेशन झालेल्या खेळाडूला आम्ही पुन्हा रिंगमध्ये जाऊ देत नाही. माझ्या मुलीलाही दिलं नसतं."

मला हे येणार ते माहीत होतं. तरी कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. नऊ वर्षं, आणि एका वाक्यात झालं. मी विचारलं, दोन वर्षांनी? ते म्हणाले, नाही. मी विचारलं, हेल्मेट घालून? ते म्हणाले, पूनम, नाही.

मग त्यांनी एक छापील फॉर्म पुढं सरकवला. 'मी स्वेच्छेने स्पर्धात्मक बॉक्सिंगमधून निवृत्त होत आहे.' खाली सहीची जागा. त्यांचा हेतू चांगला होता. म्हणाले, असं केलं की नोंद चांगली राहते, सत्कार होतो, पुढं प्रशिक्षक व्हायचं तर सोपं जातं. अपात्र असा शेरा नावापुढं कशाला?

मी म्हटलं, "सर, मी प्रशिक्षक होईन. शिनोलीत आत्ताच सात पोरी माझ्याकडं येतात. पण यावर सही करणार नाही. मी निवृत्त होत नाहीये. तुम्ही थांबवताय. तुमचं बरोबर असेल, पण मग तसं लिहा."

"अहो, परिणाम एकच आहे. फरक काय पडतो?"

त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी सहीच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले. मी मम्मीकडं बघितलंही नाही, कारण ती सही कर म्हणणार याची मला खात्री होती.

मम्मी खुर्चीत पुढं सरकून बसली. "साहेब, हिनं सोडावं म्हणून मी नऊ वर्षं हिच्या मागं लागले. देवापुढं बसले, भांडले, दोन दोन दिवस जेवले नाही. हिनं माझं ऐकलं नाही. ती सोडत नाही म्हणतेय ना, मग नाही सोडत. तुमच्या कागदावर खोटं कशाला लिहायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग तो फॉर्म मागं घेतला आणि साध्या कोऱ्या कागदावर लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. 'खेळाडू खेळण्यास तयार आहे. वैद्यकीय कारणास्तव समिती परवानगी नाकारत आहे.' खाली त्यांचीच सही, माझी लागत नव्हती. मी दोनदा वाचलं आणि मम्मीकडं दिलं. तिनंही दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.